कीटातून निघताना: मुलांना कधी सांगायचं, कागद कधी आवरायचे

प्रश्न थोडक्यात असा: जर्मनीतल्या नॉर्डऱ्हाइन-वेस्टफालन राज्यात, कीटात म्हणजे तिथल्या बालवाडीत, बुफ्दी म्हणजे सरकारी स्वयंसेवा योजनेतली स्वयंसेविका म्हणून तुमचं वर्ष संपत आलंय. करार ३१ ऑगस्टपर्यंत आहे, गटातली मुलं ३ ते ६ वर्षांची, आणि त्यातलं एक रोज सकाळी तुमच्याच गळ्यात पडतं. मुलांना कधी सांगायचं आणि भारतात परतण्याआधी काय काय उरकायचं?

आधी तारीख नीट बघा. ३१ ऑगस्ट ही करारावरची. त्या राज्यात कीटाचं वर्ष १ ऑगस्टला सुरू होतं, त्यामुळे शाळेत जाणारी मोठी मुलं जुलैतच निघून जातात. त्यात उन्हाळ्यात बऱ्याच कीटा दोन-तीन आठवडे बंद असतात. म्हणजे मोठ्या मुलांचा निरोप सुट्टीआधीच घ्यावा लागतो. उरलेली रजाही करार संपण्याआधीच घ्यायची असते, तिचे पैसे मिळतील असं धरून चालू नका. सुट्टी आणि रजा वजा करून मुलांसमोरचा खरा शेवटचा दिवस कोणता, हे कीटाच्या प्रमुखबाईंबरोबर आत्ताच कॅलेंडरवर ठरवा. बाकी सगळं त्या दिवसापासून उलटं मोजायचं.

ऑगस्टमध्ये नवी मुलं येतात आणि त्यांचं रुळवणं सुरू होतं. बर्लिन पद्धतीत पहिले तीन दिवस आई किंवा वडील मुलासोबत बसतात आणि चौथ्या दिवसाआधी त्यांना खोलीबाहेर पाठवत नाहीत, कारण मूल त्या काळात एका ठरावीक माणसाशी ओळख बांधत असतं. तो माणूस तुम्ही होऊ नका. चार आठवड्यांत जाणाऱ्या ताईच्या मांडीवर रुळलेल्या मुलाला सप्टेंबरमध्ये पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. नव्या मुलांपासून चार हात लांब राहायचं आहे हे स्वतःहून सांगितलंत, तर एर्त्सीअरिन, म्हणजे गटाच्या शिक्षिका, खूशच होतील.

मुलांना सांगायला कामाचे दहा दिवस पुरतात. कुणी तीन वर्षांखालचं असेल तर त्याला तीन-चार दिवस आधी, आणि शेवटच्या दिवशी पुन्हा एकदा. महिनाभर आधी सांगितलं तर रोज "आज जाणार का?" सुरू होतं. पालकांना मात्र मुलांच्या एक दिवस आधी कळायला हवं, नाहीतर मूल घरी अर्धीच बातमी नेतं आणि आईला काय उत्तर द्यावं कळत नाही.

सांगायची जागा मॉर्गेनक्राइस, म्हणजे सकाळी सगळे गोल बसतात ती वेळ. शिक्षिका शेजारी असू देत. तीनच गोष्टी सांगा: कधी, कुठे आणि तुमच्या जागी कोण. "शुक्रवारी माझा इथला शेवटचा दिवस. मग मी विमानाने माझ्या घरी जाणार. सोमवारी दारात तुम्हाला सबीनेबाई घेतील." एवढंच.

इथे आपल्या भाषेची एक गंमत आड येते. आपण निघताना "जाते" म्हणत नाही, "येते हं" म्हणतो. ते जर्मनमध्ये जसंच्या तसं तोंडातून गेलं तर चार वर्षांचं मूल ते शब्दशः घेतं आणि सोमवारी दाराशी उभं राहतं. "लवकर येईन" नको, आणि "भेटायला या" तर मुळीच नको.

दहा दिवस मोजायला कागदी पट्ट्यांची साखळी करा. रंगीत कागदाच्या तीन सेंटिमीटर रुंदीच्या दहा पट्ट्या, प्रत्येकीचं कडं करून एकमेकांत ओवायचं आणि साखळी मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर टांगायची. रोज सकाळी एक मूल कात्रीने एक कडं कापतं. शनिवार-रविवारची कडी ओवू नका. कीटा बंद असल्याने मुलांच्या लेखी ते दिवस नसतातच, आणि सोमवारी तीन कडी एकदम कापली की हिशेब कोसळतो. शेवटचं कडं तुम्ही कापायचं.

गळ्यात पडणाऱ्या मुलाचं काम आजच सुरू करा. शेवटचे तीन आठवडे सकाळी त्याला शिक्षिकेने घ्यायचं, तुम्ही फक्त शेजारी उभं राहायचं. मग तिघांनी खिडकीशी जाऊन आईला हात हलवायचा. आठवड्याभराने तुम्ही खिडकीपासूनही बाजूला व्हा. शेवटच्या दिवसांत ते मूल तुम्हाला ढकलेल, बोलणार नाही. ते रागावलंय, आणि रागावू द्यावं. मिठीसाठी मागे लागू नका. आणि मुलं दुपारी झोपलेली असताना गुपचूप निघून जाणं ही सगळ्यात वाईट पद्धत. रडारड टळते ती तुमची, त्यांची नाही.

भेट द्यायची तर स्वस्त आणि हाताने केलेली. प्रत्येकाचं नाव देवनागरीत मोठ्या अक्षरांत लिहिलेलं कार्ड मुलांना फार आवडतं. नाव उच्चारानुसार लिहा: योनास, योहाना, स्पेलिंग बघून "जोनास" नको. खाऊ न्यायचा असेल तर आधी गटाची ॲलर्जीची यादी वाचा. काजू-बदाम बऱ्याच कीटांत चालतच नाहीत. साजूक तुपातला शिराही दूध न चालणाऱ्या मुलाला देता येत नाही. मुलांचे फोटो फोनमध्ये घेऊन निघू नका. पालकांची लेखी परवानगी बहुधा कीटापुरती असते, तुमच्या इन्स्टाग्रामसाठी नसते. कोणत्या मुलाला काय आजार, कुणाच्या घरी काय चाललंय, याबद्दलचं गुप्ततेचं बंधनही करारासोबत संपत नाही.

आता कागद. सगळ्यात आधी त्सॉयग्निस, म्हणजे कामाचं प्रशस्तिपत्र, सुट्टीआधीच मागा. नुसत्या तारखांचं नको, कामाचं मूल्यमापन असलेलं हवं, आणि जमल्यास सोबत इंग्रजी प्रत. गटातल्या मुलांचं वय, संख्या आणि तुमची कामं त्यात यायला हवीत. हातात पडलं की ओळ न् ओळ वाचा, कारण त्यात ठरलेली सांकेतिक भाषा असते. "श्टेट्स त्सुअर फोल्स्टन त्सुफ्रीडनहाइट" म्हणजे उत्तम, "श्टेट्स त्सुअर फोलन" म्हणजे चांगलं, "श्टेट्स" गाळून नुसतं "त्सुअर फोलन" म्हणजे बेताचं. "बेम्यूट", म्हणजे प्रयत्न केला, हा शब्द वाचायला गोड वाटतो. अर्थ मात्र जमलं नाही असाच होतो. तो दिसला तर निघण्याआधीच बोला. पुढे मुलांसोबतच काम करायचं असेल तर पोलिसांकडे नोंद नसल्याचा दाखलाही तिथे असतानाच काढा. भारतातून तो मागवता येतो, पण त्यात वेळ जातो.

नगरपालिकेतली आबमेल्डुंग, म्हणजे पत्ता सोडल्याची नोंद, निघण्याच्या फार तर एक आठवडा आधी करता येते आणि निघाल्यावर दोन आठवड्यांच्या आत करावीच लागते. तिची पोच जपून ठेवा. टीव्ही-रेडिओची वर्गणी तुमच्या नावावर असेल तर ती थांबवायला आणि मोबाइलचा करार मोडायला तीच लागते. घर स्वतः भाड्याने घेतलं असेल तर सूचना तीन महिने आधी. अनामत रक्कम अनेकदा काही महिन्यांनी परत येते, म्हणून बँकेचं खातं लगेच बंद करू नका. मात्र खात्याचा संकेतांक जर्मन सिमवर येत असेल तर सिम चालू असतानाच तो ॲपवर घ्या. भारतातलं जुनं सिमही तपासा. रिचार्जविना ते बंद पडलं असेल तर आधारचा ओटीपी येणार नाही.

पेन्शनच्या परताव्याबद्दल बरेच गैरसमज आहेत. युरोपीय संघाबाहेर परतून २४ महिने झाल्यावर भारतीय माणूस पेन्शन वर्गणी परत मागू शकतो हे खरं. पण परत मिळतो फक्त स्वतःच्या खिशातून गेलेला हिस्सा. बुफ्दीची पूर्ण वर्गणी संस्था भरते, म्हणून परतावा शून्य. त्यासाठी पैसे घेऊन अर्ज भरून देणाऱ्यांच्या नादी लागू नका. सामाजिक विमा क्रमांकाचं पत्र मात्र ठेवा, पुढे तिथे नोकरी लागली तर तोच क्रमांक चालतो.

निवास परवान्यावर पुढची तारीख दिसत असली तरी कायमचं निघालात की तो संपतो. तिथेच औसबिल्डुंग म्हणजे व्यावसायिक शिक्षण करायचा विचार असेल तर आबमेल्डुंगच्या आधी, परवाना चालू असताना परदेशी नागरिकांच्या कार्यालयात विचारा.

आणि कीटाच्या दाराजवळच्या फलकावर तुमचा फोटो असेल, तो शेवटच्या दिवशी मुलांसमोर स्वतःच्या हाताने काढा. घरातल्या चपला शेल्फवरून उचलायला विसरू नका. सोमवारी त्या तिथे दिसल्या तर मुलं तुम्हाला खोल्याखोल्यांत शोधत फिरतील.