निवेदन दिले, फोटो निघाला, पुढे काय?

प्रश्न : मी समाजकार्य विषयातील पदव्युत्तर पदवी घेतली असून गेली सात वर्षे येरवड्यातील वस्त्यांमध्ये एका स्वयंसेवी संस्थेतर्फे काम करते. विधवा आणि परित्यक्ता महिलांचे संजय गांधी निराधार अनुदान योजनेचे अर्ज भरून देणे हा माझ्या कामाचा मोठा भाग आहे. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१ हजार रुपयांच्या आत असावे, या अटीमुळे खरोखर गरजू महिलाही बाद होतात. ही मर्यादा वाढावी म्हणून आम्ही आमदारांना दोनदा निवेदन दिले. दोन्ही वेळा त्यांनी आपुलकीने ऐकून घेतले, फोटोही निघाला. पुढे काहीच झाले नाही. शिवाय ‘हे राजकारण ठरेल’ अशी आमच्या विश्वस्तांना भीती वाटते. आम्ही नेमके काय करावे? (निवेदनाची प्रत आणि फोटो सोबत जोडले आहेत.)
— एक समाजकार्यकर्ती, पुणे

उत्तर : आपण पाठवलेल्या प्रतीपासूनच सुरुवात करतो. चार पानांच्या या निवेदनात अकरा मागण्या आहेत. उत्पन्न मर्यादेची मागणी नवव्या क्रमांकावर, तिसऱ्या पानाच्या तळाशी आहे. आमदारांच्या संपर्क कार्यालयात असे कागद रोज येतात. स्वीय सहायक त्याला ‘योग्य त्या कार्यवाहीसाठी’ असे पत्र जोडतात आणि कागद तहसील कार्यालयाकडे रवाना होतो. ही मर्यादा बदलण्याचा अधिकार तहसीलदारांना नाही, त्यामुळे आपले निवेदन बहुधा तेथेच फाइलबंद झाले असावे.

म्हणून आमदारांकडे जाण्यापूर्वी ही अट कोणत्या कागदावर लिहिलेली आहे आणि तो कागद कोणाच्या सहीने बदलतो, हे आपण शोधायला हवे होते. ती विधिमंडळाने केलेल्या कायद्यात नाही; सामाजिक न्याय व विशेष साहाय्य विभागाच्या शासन निर्णयात, म्हणजे विभागाने काढलेल्या आदेशात आहे. तेव्हा आपल्याला विधेयक नको. वित्त विभागाची सहमती आणि नवा शासन निर्णय हवा. २०२३ मध्ये या योजनेचे अनुदान दरमहा १,००० रुपयांवरून १,५०० रुपये झाले, तेही अर्थसंकल्पातील घोषणा आणि त्यामागून निघालेला शासन निर्णय याच वाटेने. रक्कम वाढली, उत्पन्नाची मर्यादा मात्र जागची हलली नाही. २१ हजारांना बाराने भागले तर महिन्याला १,७५० रुपये येतात. कल्याणीनगरात दोन घरची धुणीभांडी करणारी बाई याहून अधिक कमावते, हे उत्पन्नाचा दाखला मागणारीला ठाऊक असते आणि देणाऱ्यालाही. खरे उत्पन्न सांगणारी बाद होते आणि आकडा ‘जुळवून’ आणणारी पात्र ठरते. हा सर्वांत बळकट मुद्दा आपल्या चार पानांत कोठेही नाही.

आता एकाच मागणीचे एकच पान करा. नामंजूर झालेल्या अर्जांचे आकडे माहितीच्या अधिकारात मिळवा, स्वतःच्या नोंदी त्यांच्याशी ताडून पाहा आणि आमदारांना ‘लक्ष घालावे’ असे न म्हणता त्यांच्या हातातील नेमके आयुध सुचवा. तारांकित प्रश्नाचा, म्हणजे ज्याचे उत्तर मंत्र्यांना सभागृहात तोंडी द्यावे लागते त्या प्रश्नाचा मसुदा आपणच करून द्यावा : पुणे शहरात मागील तीन वर्षांत या योजनेचे किती अर्ज उत्पन्नाच्या कारणास्तव नामंजूर झाले, मर्यादा वाढवण्याचा प्रस्ताव शासनाच्या विचाराधीन आहे काय, नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत? विधानभवनाची भाषा अशीच असते आणि तयार मसुदा मिळालेले सदस्य तो सहसा बाजूला टाकत नाहीत. विषय तातडीचा ठरला तर मंत्र्यांचे त्याकडे सभागृहात लक्ष वेधणारी लक्षवेधी सूचनाही देता येते. मंत्र्यांनी सभागृहात शब्द दिला, तर त्याचा पाठपुरावा करणारी आश्वासन समिती आहे. संस्था नेमके तिलाच विसरतात. आपले आमदार मंत्री असतील, तर ते सभागृहात प्रश्न विचारणार नाहीत, पण विभागाच्या सचिवांसोबत बैठक लावू शकतात.

वेळही पाहावी लागते. अर्थसंकल्पीय आणि पावसाळी अधिवेशन मुंबईत, हिवाळी नागपुरात होते. प्रश्नांच्या सूचना त्याच्या कितीतरी आधी द्याव्या लागतात. पैशाचा विषय घेऊन अर्थसंकल्पाच्या तोंडावर जाणे म्हणजे वरातीमागून घोडे. दिवाळी संपताच कामाला लागा. विधानसभेच्या २८८ सदस्यांपलीकडे विधान परिषदेचे ७८ सदस्य आहेत, हेही लक्षात असू द्या. त्यांतील काहींना पदवीधर मतदार निवडून देतात. पुणे पदवीधर मतदारसंघात पुण्यासह सातारा, सांगली, सोलापूर आणि कोल्हापूर हे जिल्हे येतात आणि प्रत्येक निवडणुकीपूर्वी मतदार नोंदणी नव्याने करावी लागते. आपल्या संस्थेतील किती पदवीधरांनी ती केली आहे, हे एकदा विचारून पाहा. उत्तर ऐकून आपल्याला संकोच वाटण्याचा संभव आहे.

कायद्याची मागणी कधी करावी, असेही पुढे आपल्या मनात येईल. रोजगार हमी योजना आधी शासकीय आदेशांवर चालत होती, विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांच्यासारख्यांच्या आग्रहानंतर १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि मागेल त्याला काम हा हक्क ठरला. शासन निर्णय दुसऱ्या शासन निर्णयाने मागे घेता येतो, कायद्याचे तसे नसते. तूर्त मात्र मर्यादेवरच थांबा.

विश्वस्तांची भीती निराधार नाही, पण ती अस्थानी आहे. लोकप्रतिनिधीपुढे लोकांचा प्रश्न मांडणे म्हणजे पक्षाचा प्रचार नव्हे. तेच पान, त्याच शब्दांत, सत्ताधारी आणि विरोधी अशा दोन्ही बाजूंच्या सदस्यांना द्या, दोघांकडून आवक क्रमांकासह पोच घ्या आणि निवडणुकीच्या काळात कोणाच्याही व्यासपीठावर जाऊ नका. शासकीय सेवेत असलेल्या समाजकार्यकर्त्यांना मात्र १९७९ चे वर्तणूक नियम लागू आहेत. त्यांनी आकडे वरिष्ठांमार्फतच पुढे पाठवावेत.

आपल्या फोटोत आमदारांच्या शेजारी तीन महिला उभ्या आहेत आणि तिघींच्याही हातात नामंजुरीचे कागद आहेत. एकीचा पत्ता सहज वाचता येतो. त्यांनी याला संमती दिली होती का, हे आपण लिहिलेले नाही. पुढच्या भेटीला एखादीला यावेसे वाटले, तर काय सांगायचे आणि काय नाही हे तिला आधी ठरवू द्या, तिला बसायला खुर्ची मिळेल असे पाहा आणि फोटो काढणाऱ्याला बाहेर थांबवा.