कपारीतल्या पाण्यात काहीच का दिसत नाही?

प्रश्न : सातपुड्याच्या पायथ्याच्या एका कपारीत छतातून पाणी ठिबकतं. शाळेच्या सूक्ष्मदर्शकाखाली त्यात एकही जीव दिसला नाही. अंधारात एकपेशीय जीव राहत नाहीत का?
(विज्ञान शिक्षिका, चोपडा)

उत्तर : राहतात. पण नुकत्याच पडलेल्या थेंबात त्यांना खायला फारसं काही नसतं. उजेड नाही, म्हणून शैवाल नाही. आतले अमिबा आणि पक्ष्माभिकाधारी (अंगावर केसांसारखे बारीक तंतू असलेले) जीव मुख्यतः जिवाणूंवर जगतात, आणि जिवाणू असतात खालच्या गाळात. ओल सरली की यातले बरेच जीव स्वतःभोवती टणक आवरण, म्हणजे पुटी, करून निपचित पडतात. पुटी नवख्या डोळ्याला मातीचा कणच वाटते.

म्हणून थेंब सोडा, गाळ घ्या. उकळत्या पाण्यातून काढलेल्या चमच्याने वरचा थर २०-३० ग्रॅम खरवडा, सावलीत वाळवा आणि पेट्री डिशमध्ये (झाकणाच्या उथळ काचेच्या बशीत) पसरा. बोटाने दाबल्यावर पाणी सुटेल इतपतच डिस्टिल्ड वॉटर घाला; ओल मिळाली की पुटीतले जीव बाहेर येतात. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन घात करतं. गाळ बुडवलात तर प्राणवायू संपून तो कुजतो, वास येतो आणि हवे ते जीव मरतात. झाकून अंधारात २०-२५ अंशांवर ठेवा. खानदेशातल्या एप्रिल-मेमध्ये हे साधणं अवघड, दिवाळीनंतर करा.

दुसऱ्या, सातव्या, चौदाव्या आणि एकविसाव्या दिवशी डिश तिरकी करून निथळलेला थेंब आधी १०० पट, मग ४०० पट मोठा करून बघा. राजम्याच्या दाण्यासारखा कोलपोडा हा पक्ष्माभिकाधारी जीव बहुधा पहिल्याच खेपेला भेटतो. कवचधारी अमिबा सावकाश वाढतात, त्यामुळे दोन दिवसांत डिश फेकू नका.

सोबत दुसरी डिश हवीच. तोच गाळ प्रेशर कुकरमध्ये अर्धा तास शिजवून पहिल्या डिशसारखाच ठेवा. तिच्यातही जीव दिसले, तर ते हवेतून किंवा भांड्यातून आलेत. मग पहिल्या डिशवरही विसंबू नका.

प्रश्न : मुलांना गुहेत न्यावं का? हे जीव फक्त गुहेतलेच असतात का?

उत्तर : वटवाघळांची वाळलेली विष्ठा असेल तिथे मुलांना नेऊ नका. तिच्या धुळीतून हिस्टोप्लाझ्मा बुरशी फुप्फुसात जाऊ शकते. मोठ्यांनीही एन-९५ मास्क लावावा. अजिंठ्यासारख्या संरक्षित लेण्यांतून किंवा पाटणादेवीच्या अभयारण्यातून परवानगीशिवाय चिमूटभरही माती उचलू नये.

यातले बहुतेक जीव बाहेरच्या मातीतही सापडतात; झिरपत्या पाण्याबरोबर, वाऱ्याने, वटवाघळांच्या अंगावरून आत येतात. कपारीबाहेरच्या झाडाखालची माती तिसऱ्या डिशमध्ये लावा. तिन्ही डिश शेजारी ठेवून पाहिल्याशिवाय कोणत्याही जीवाला ‘गुहेतला’ म्हणू नका.