पित्तनलिकेत सिस्ट आहे पण त्रास नाही. तरीही शस्त्रक्रिया करावी का?

आपण आपली अडचण विचारली आहे: वय ३४, सोनोग्राफीत योगायोगाने सापडलेली कोलेडोकल सिस्ट (म्हणजे पित्तनलिकेचा फुगवटा), एमआरसीपीवर (पित्तनलिकांच्या एमआरआय तपासणीत) टाइप १, म्हणजे यकृताबाहेरची मुख्य नलिका फुगलेली, "दुखत नाही तर पोट कशाला उघडायचे?" हे घरच्यांचे म्हणणे, आणि सुट्टी किती लागेल ही काळजी. माझे मत स्पष्ट आहे: शस्त्रक्रिया करावी, आणि सिस्ट पूर्ण काढणारीच करावी.

माझ्या थोरल्या बहिणीची अशीच सिस्ट लहानपणी न काढता आतड्याला नुसती जोडून दिली होती. एके काळी ही पद्धत सर्रास होती. कावीळ उतरली आणि विषय मिटला. पुढे चाळिशीच्या सुमारास तिला वरचेवर हुडहुडी भरून ताप येऊ लागला, डोळे पिवळे दिसू लागले. दर वेळी प्रतिजैविके दिली जात आणि भावोजी म्हणत, "एकदा ऑपरेशन झाले आहे ना, आता पुन्हा काय काढणार?"

काढायचे होते ते सिस्टचे अस्तर. अशा बहुतेक रुग्णांत स्वादुपिंडाची नलिका पित्तनलिकेला नेहमीपेक्षा बरीच वर मिळते, त्यामुळे स्वादुरस उलटा चढून हे अस्तर वर्षानुवर्षे सुजवत राहतो आणि वयाबरोबर तेथे कर्करोगाची शक्यता वाढते. नुसत्या जोडणीत ते अस्तर जागेवरच राहते, शिवाय आतड्यातले जंतूही वर शिरतात. अखेर ताईची जुनी जोडणी सोडवून सिस्ट पित्ताशयासह काढली आणि वरच्या निरोगी नलिकेला लहान आतड्याचा फाटा जोडला. कागदपत्रांत याला रू-एन-वाय हेपॅटिकोजेजुनोस्टॉमी म्हणतात. सिस्टमध्ये मातकट खडे भरलेले होते. मागची भिंत यकृताकडे जाणाऱ्या पोर्टल शिरेला इतकी चिकटली होती की सर्जननी ती तशीच ठेवून आतले अस्तर तेवढे सोलून काढले.

बायोप्सीत कर्करोग निघाला नाही. तेव्हापासून प्रत्येक कौटुंबिक समारंभात भावोजी ऐकवतात, "बघा, काहीच निघाले नाही, उगाच एवढे केले." अहो, काही निघण्याआधी काढावी म्हणूनच तर ती काढली! खडे आणि ताप यांचा हिशेब ते धरतच नाहीत.

आता थोडे सावधपणे. मी डॉक्टर नाही. टाइप ३ (नलिकेच्या आतड्याकडील टोकाचा फुगवटा) बऱ्याचदा एंडोस्कोपीने, म्हणजे तोंडावाटे दुर्बीण घालून, हाताळता येतो; टाइप ५ मध्ये (यकृताच्या आतल्या नलिकांचे फुगवटे) यकृताचा भाग काढावा लागतो किंवा क्वचित संपूर्ण यकृत बदलावे लागते. त्यांना वरचे लागू नाही. सिस्ट काढल्यावरही धोका शून्य होत नाही आणि जोडणी पुढे अरुंद होऊ शकते, म्हणून तपासण्या आयुष्यभर चालू ठेवाव्या लागतात. सुट्टी किती लागेल, हे शस्त्रक्रिया दुर्बिणीतून होते की पोट उघडून, यावर ठरेल. ताई आठवडाभरात घरी आली होती, पण तिची दुसरी खेप होती. यकृत व पित्तमार्गाच्या शस्त्रक्रिया नियमित करणाऱ्या सर्जनकडेच जावे, आणि "त्रास नाही ना" म्हणणाऱ्या नातेवाइकांनाही त्या भेटीला सोबत न्यावे. आमच्या भावोजींना मी तेव्हा नेले नव्हते, कारण त्यांना त्या दिवशी "महत्त्वाचे काम" होते.