मोदकांचे डोंगर, फळ्यांचं कुंपण

नकाशांविषयी वाचकांचे प्रश्न. उत्तरं देताहेत नाशिकचे एक निवृत्त भूकरमापक.

प्रश्न : माझी मुलगी इंग्लंडमध्ये केंट परगण्यात राहते. दिवाळीला आली तेव्हा तिकडच्या एका जुन्या नकाशाची मोठी प्रत घेऊन आली. पहिल्या एलिझाबेथ राणीच्या काळात कुणीतरी हाताने काढलेला नकाशा आहे म्हणे. डोंगर उकडीच्या मोदकांसारखे ओळीने मांडलेत. मधेच गोल कुंपणं आहेत, आत दोन-चार झाडं. नद्या आहेत, घरांचे पुंजके आहेत, पण रस्ता औषधालाही नाही. चिन्हांची सूची नाही. तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला, पण या नकाशापुढे बसले की पाटी कोरी. सुरुवात कुठून करू?
– एक निवृत्त शिक्षिका, गंगापूर रोड

उत्तर : ताई, इंग्रज लोक या डोंगरांना बिळातून वर आलेल्या मातीच्या ढिगांची उपमा देतात. तुमचा मोदक बरा.

तुम्ही शिकवलात तो सर्व्हे ऑफ इंडियाच्या शीटचा भूगोल. समोच्च रेषा तपकिरी, पाणी निळं, शेती पिवळी आणि खाली सगळ्याचा खुलासा. तो नकाशा कुणाच्याही हातात पडेल असं गृहीत धरून काढलेला असतो. तुमच्याकडचा नकाशा बहुधा एखाद्या ठरावीक माणसासाठी काढला असणार. त्याला काही कळलं नाही तर काढणाऱ्याला बोलावून विचारता येत होतं, मग सूची कशाला हवी? छापील नकाशांतही तेव्हा तिचा रिवाज नव्हता. ख्रिस्तोफर सॅक्स्टनने इंग्लंड-वेल्सचे परगणे मोजून १५७९ मध्ये ३४ परगणा-नकाशांचा ग्रंथ काढला, त्यातही सूची नाही, रस्तेही नाहीत. जॉन नॉर्डनने १५९३ मध्ये मिडलसेक्सच्या नकाशात दोन्ही दिलं. तेव्हा तुम्हाला काही येत नाही असं नाही. तुमच्या हातात सूचीच्या आधीच्या रिवाजाचा कागद आहे, एवढंच.

सुरुवात नदीपासून करा. मेन रोडवरून ट्रेसिंग पेपर आणा, प्रतीवर टाचा आणि पहिल्या दिवशी फक्त पाणी उतरवा. डोंगर, गावं, अक्षरं कशालाही हात लावायचा नाही. केंटमध्ये मेडवे नदी सापडली की पाठीचा कणा सापडला म्हणून समजा. नदीवर आडव्या छोट्या दुहेरी रेघा दिसतील, ते पूल. रस्ता न दाखवणारा माणूस पूल मात्र आवर्जून दाखवतो, यातच सगळं आलं. घोडा रानातूनही जातो, अडतो तो नदीशी. गोदावरीवर होळकर पूल नसताना पंचवटीत जायचं म्हणजे काय होतं, त्याची कल्पना करा.

ईशान्येच्या टोकाला थॅनेट शोधा. त्याच्याभोवती पाणी दिसलं तर काढणारा चुकला असं समजू नका. तेव्हा ते खरंच बेट होतं. मधली वॉन्टसम खाडी नंतर गाळाने भरली आणि आज तिथून गाडी जाते. मुलीला विचारा, ती गेलीही असेल त्या बाजूला.

ईशान्य म्हणालो खरा, पण आधी वर उत्तर आहे ना, ते बघा. कडेला लॅटिन शब्द असले तर ‘सेप्टेंट्रिओ’ म्हणजे उत्तर. या शब्दाचं मूळ नांगराच्या सात बैलांत आहे, आणि ते सात बैल म्हणजे आपले सप्तर्षी. हे पहिल्यांदा कळलं त्या रात्री मी मुद्दाम गच्चीवर जाऊन उत्तरेकडे बघून आलो होतो. समोर ‘मेरिडिएस’ म्हणजे दक्षिण, ‘ओरिएन्स’ पूर्व, ‘ऑक्सिडेन्स’ पश्चिम.

आता मोदक. त्यांची छाया बहुतेकदा उजव्या अंगाला असते, उजेड डावीकडून आल्यासारखी. मोठा मोदक म्हणजे उंच डोंगर असा हिशेब करू नका. ‘इथे चढ आहे’ एवढंच ते सांगतात. केंटमधला सर्वांत उंच माथा जेमतेम २५१ मीटरचा. आपला रविवार कारंजा समुद्रसपाटीपासून त्याच्या दुपटीहून उंच आहे! ब्रह्मगिरी बघत वाढलेल्या माणसाला त्या टेकाडांची ओळ बघून सह्याद्री आठवतो आणि तिथेच तो फसतो.

गोल कुंपणं म्हणजे हरणांची राखीव रानं. चिरलेल्या लाकडी फळ्या उभ्या ठोकून केलेला वेढा, आत हरणं, आणि मालकाला शिकारीची हौस. चित्र मोठं करून बघा, फळी न् फळी सुटी काढलेली दिसेल. परगणाभर अशी किती वर्तुळं आहेत ते मोजा. एवढ्याशा कागदावर गरिबाच्या झोपडीला जागा नाही आणि हरणांच्या कुंपणाला आहे. कारण नकाशा बघणारे, त्याला पैसे पुरवणारे लोक त्या कुंपणांचे मालक किंवा मालकांवर नजर ठेवणारे. राणीचा मंत्री लॉर्ड बर्ली सॅक्स्टनच्या नकाशांच्या कच्च्या प्रती मागवून घ्यायचा आणि त्यावर स्वतः नोंदी करायचा. त्याच्या संग्रहात नकाशांसोबत परगण्यातल्या न्यायाधिकाऱ्यांच्या याद्याही आहेत. म्हणून मी चिन्हाबद्दल ‘हे काय आहे’ असं विचारण्याआधी ‘हे कुणाला हवं होतं’ असं विचारतो. तुमच्या नकाशात टेकडीवर शिडी लावलेला खांब आणि वर शेगडीसारखी टोपली दिसली, तर ती इशाऱ्याच्या जाळाची जागा. विल्यम लॅम्बार्डने १५८५ मध्ये केंटचा असा नकाशा केला होता. कुठल्या जाळापासून कुठला जाळ दिसतो ते त्यात सरळ रेषांनी जोडून दाखवलंय. तीनच वर्षांनी स्पेनचं आरमार इंग्लंडवर चालून आलं. सातमाळा रांगेतल्या एका किल्ल्यावरून शेजारचा किल्ला दिसतो, तोच हिशेब.

घरांच्या पुंजक्यांकडे सर्वांत शेवटी वळा, आणि इथे जरा जपून. चिन्ह दोन जातीचं असतं. एक खरं, म्हणजे त्या जागी ती वस्तू होतीच. दुसरं नमुन्याचं, म्हणजे त्या जातीचं काहीतरी आसपास होतं. हा फरक मी मार खाऊन शिकलो.

नोकरीचं दुसरं वर्ष, दिंडोरी तालुका. दोन चुलत भावांची बांधावरून तक्रार. माझ्याकडे गावनकाशाची हाताने केलेली जुनी नक्कल होती आणि तिच्यात नेमकं बांधावर एक झाड. मी ठरवलं की हीच हद्दीची खूण. दोघा भावांना घेऊन अर्धा दिवस त्या झाडाचा बुंधा शोधला. तीन ठिकाणी खणायला लावलं. उन्हं कलली तेव्हा म्हातारा कोतवाल कागदात डोकावून म्हणाला, “सायेब, असलंच झाड तिकडं नाल्यात बी काढलंय की.” बघतो तर खरंच. कागदभर एकाच हाताची, एकाच वळणाची सतरा झाडं! नक्कल करणाऱ्याने मोकळी जागा भरली होती. दोघा भावांचं त्या दिवशी पहिल्यांदा कशावर तरी एकमत झालं, ते माझ्या अकलेवर.

तेव्हा ताई, तुमच्या नकाशातल्या रानातली झाडं मोजू नका, ती नमुन्याची. देवळांचं तसं नाही. बहुतेक गावं एका चर्चच्या चित्राने दाखवलेली असतील. काहींचा मनोरा वर सपाट असेल, काहींना कळसासारखं टोक. रोचेस्टरच्या फिलिप सायमनसनने १५९६ मध्ये केंटचा जो नकाशा केला, त्यात टोकदार आणि सपाट मनोऱ्यांचा भेद नीट सांभाळलाय. तुमच्या नकाशातही तो सांभाळलाय का, हे ताडायला मुलगी आहेच. तिच्या आसपासच्या पाच चर्चचे फोटो मागवा. पाचातली चार जुळली तर चिन्हं खरी, आणि काढणारा गावोगाव फिरलेला. एकही जुळलं नाही तर त्याने घरी बसून टाक चालवला.

फिरणंही सोपं नव्हतं. सॅक्स्टन वेल्समध्ये निघाला तेव्हा १५७६ मध्ये त्याला सरकारी हुकूमनामा मिळाला : याला मनोरा, किल्ला, डोंगर, जिथून मुलूख दिसेल तिथे न्यावं, प्रदेश ठाऊक असलेली दोन-तीन माणसं सोबत द्यावीत आणि पुढच्या बाजारगावापर्यंत पोचवायला दोन्ही भाषा बोलणारा घोडेस्वार द्यावा. आम्हाला तलाठी आणि कोतवाल मिळाला तरी धन्य वाटायचं.

गावांची नावं आजच्या स्पेलिंगशी जुळणार नाहीत. मोठ्याने वाचा, जुळतील. ऐकलं तसं लिहायचा काळ होता तो. साहेबांच्या जुन्या कागदांत आपलं गावही ‘नॅसिक’ आहे.

प्रश्न : जुन्या इंग्रजी नकाशावरच्या मापपट्टीने दोन गावांतलं अंतर मोजलं तर आजच्यापेक्षा कमी मैल येतात. नकाशा चुकीचा म्हणायचा का?
– एक विद्यार्थी, नाशिक रोड

उत्तर : आधी मैल कुठला ते बघ. पूर्वी तिकडे मुलखागणिक मैल वेगळा होता, आणि पुष्कळ ठिकाणी आजच्याहून लांब. लांब मैलाने मोजलं तर आकडा कमीच येणार. आजचा मैल १५९३ च्या एका कायद्यात सापडतो, आणि तो कायदा मापांचा नाहीच! लंडनच्या वेशीपासून तीन मैलांत नवं बांधकाम नको, असा तो हुकूम. मग मैल म्हणजे किती, हे सांगणं आलं. आठ फर्लांग, फर्लांगात ४० काठ्या, काठी साडेसोळा फुटांची. गुणाकार कर, ५,२८० फूट येतील.

ही साडेसोळा फुटी काठी तुझ्या घरातही आहे. आमची मोजणीची साखळी सोळा आण्यांची, म्हणजे सोळा भागांची, आणि ३३ फूट लांब. म्हणजे बरोबर दोन काठ्या. साखळीचा चौरस म्हणजे १,०८९ चौरस फूट, म्हणजे एक गुंठा. असे चाळीस गुंठे म्हणजे एकर. तुझ्या वडिलांच्या सातबारावर जे गुंठे आहेत, त्यांच्या पोटात एलिझाबेथच्या काळची काठी आहे.

नकाशावर मोजताना पट्टी लावू नकोस. कंपासपेटीतला डिव्हायडर घे, टोकं दोन चर्चच्या पायथ्याशी ठेव, मनोऱ्याच्या शेंड्याशी नव्हे. तिथेच निम्मी चूक होते.

प्रश्न : आजोबांच्या पेटीत आमच्या शेताचा हाताने काढलेला जुना नकाशा सापडला. शाई तपकिरी पडलीय, हिरव्या रंगाच्या जागी कागद तडकलाय. लॅमिनेट करून घेऊ का?
– एक शेतकरी, इगतपुरी

उत्तर : नको. लॅमिनेशन गरम होतं, चिकटतं आणि पुन्हा सुटत नाही.

काजळाची शाई काळीच राहते. तपकिरी पडली म्हणजे ती हिराकशीची, म्हणजे लोखंडाच्या क्षाराची असावी. मायफळ आणि हिराकस, हीच शाई एलिझाबेथच्या काळातले नकाशेवाले वापरायचे. बाळगुटीत उगाळतात तेच मायफळ. ही शाई हळूहळू कागद खाते. हिरवा बहुधा जंगाल, म्हणजे तांब्याचा गंज, तोही खातो. ओल लागली की दोन्हींना जोर चढतो, आणि तुम्ही राहता इगतपुरीत.

आधी सावलीत दिवसाच्या उजेडात फोटो काढून ठेवा. मग आम्लरहित कागदाच्या दोन तावांमध्ये नकाशा सपाट ठेवा, गुंडाळी नको, चिकटपट्टी नको, घडीवर इस्त्री नको. पावसाळ्यात तो कोरड्या कपाटात, भिंतीपासून लांब हवा. बांधाचा वाद निघाला तर मात्र हा कागद पुढे करू नका. भूमी अभिलेख कार्यालयातून गटनकाशाची प्रमाणित नक्कल काढा, मोजणीवाला तीच मागेल.