आठवीच्या मुलांना घराणेशाही गटकार्यातून कशी शिकवावी?

तुम्ही विचारलंय, राजघराण्यांची सत्ता गटांकडून शोधून कशी घ्यावी आणि आजच्याशी तुलना कुठे करावी. मी बडोद्यात इतिहास शिकवते, त्यामुळे हाताशी इथलं राजघराणं, गायकवाडच आहेत. पहिल्या वर्षी गटागटाला एकेक राजा वाटून दिला. तक्ते सुंदर आले, पण सगळ्यांत नुसती सनावळी. आता राजा देत नाही. गादी रिकामी झाली तो प्रसंग देते आणि एकच प्रश्न: पुढे कोण बसणार हे कोणी ठरवलं?

१८७० मध्ये खंडेराव महाराज गेले तेव्हा त्यांच्या राणी जमनाबाईंना दिवस गेले होते. मुलगा झाला असता तर गादी त्याची. मुलगी झाली, ताराबाई, म्हणून खंडेरावांचे भाऊ मल्हारराव गादीवर कायम झाले. हे वाचल्यावर वर्गातल्या मुली गप्प बसत नाहीत. तिथेच मी ब्रिटनचा २०१३ चा कायदा काढते. त्यानं थोरल्या मुलीला डावलून धाकट्या भावाला गादी देण्याची रीत मोडली. जपानमध्ये मात्र सम्राटपद अजून पुरुषांनाच. तुलना करायची तर अशी, एका नियमाची दुसऱ्या नियमाशी. ‘तेव्हा आणि आता’ असा मोघम विषय दिलात तर निबंध येतात.

१८७५ चा गट सर्वांत रंगतो. मल्हाररावांवर रेसिडेंट (दरबारातले इंग्रज सरकारचे प्रतिनिधी) फेअर यांना विष देण्याच्या प्रयत्नाचा आरोप होता. चौकशीला तीन इंग्रज, तीन हिंदी सदस्य. हिंदी सदस्यांना आरोप सिद्ध झालेला वाटला नाही, तरी सरकारनं गैरकारभाराचं कारण देऊन महाराजांना काढलंच. मग कवळाणे गावचा बारा वर्षांचा गोपाळ दत्तक आला, तेच आपले सयाजीराव. बडोद्याला कशाला आलास असं विचारल्यावर त्यांनी ‘मी राज्य करायला आलोय’ म्हटलं, ही गोष्ट मुलांना आजीकडून ऐकून यायला सांगते. दर घरी ती थोडी वेगळी निघते, आणि ऐकीव व लेखी यातला फरक मुलांना आपोआप कळतो.

एक अडचण येतेच. सयाजीरावांनी १९०६ मध्ये संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, हे कळलं की मुलं म्हणतात, मग राजेच बरे! माझाही त्या माणसावर फार जीव आहे. पण मी विचारते, मल्हाररावांच्या काळी जाच झाला तर बडोद्यातल्या मांडवी भागातल्या दुकानदारानं काय करायचं? राजा बदलला तो इंग्रजांनी. नवा कोण हवा, हे त्या दुकानदाराला कोणीच विचारलं नाही.

शेवटचा गट १९५७ चा. संस्थान १९४९ मध्ये विलीन झालं होतं, आणि त्याच घराण्यातले फत्तेसिंहराव बडोद्यातून लोकसभेवर निवडून गेले. घराण्याचं नाव किती कामी आलं, यावर मुलं तासभर भांडतात, मी निकाल देत नाही. आजच्या पुढाऱ्यांची नावंही तीच काढतात. अडवू नका. फक्त प्रत्येक नावापाशी विचारा, यांना काढायचं झालं तर कोण काढू शकतं?