लिनक्सवर फायरफॉक्स सारखा बंद पडतो, तक्रार कुठे करायची?

तुमचं म्हणणं असं की फायरफॉक्स दिवसातून दोन-तीनदा आपोआप बंद होतो, 'क्रॅश होतो' म्हणून तक्रार टाकली आणि ती 'अपुरी माहिती' म्हणत बंद केली गेली.

कुठे करायची ते नंतर. बंद झाल्यावर क्रॅश रिपोर्टरची (मोझिलाला, म्हणजे फायरफॉक्स बनवणाऱ्या संस्थेला, क्रॅशचा अहवाल पाठवू का असं विचारणारी) खिडकी येते का? ती न येता ब्राउझर नुसता गायब होत असेल, तर बहुतेक वेळा तो क्रॅश झालेला नसतो, त्याला मारलेलं असतं. हे मी कितीदा लिहिलं तरी 'ग्राफिक्स ड्रायव्हर बदला' हाच सल्ला आधी दिला जातो, आणि माणूस आठवडाभर ड्रायव्हर बदलत बसतो. रॅम संपत आली की कर्नलचा (लिनक्सच्या गाभ्याचा) ओओएम किलर, म्हणजे मेमरी मोकळी करणारा भाग, एखादी प्रोसेस (चालू प्रोग्रॅम) निवडून तिला सिगकिल, म्हणजे 'लगेच बंद हो' हा सिग्नल, पाठवतो. हा सिग्नल कोणत्याही प्रोग्रॅमला पकडता येत नाही, म्हणून क्रॅश रिपोर्टर जागाच होत नाही. कर्नलने मारलं तर पुष्कळदा एखादाच टॅब जातो. सिस्टमडी-ओओएमडी (हेच काम करणारी वेगळी सेवा) मात्र अख्खा सी-ग्रुप (प्रोसेसचा गट) मारतो, म्हणजे सगळ्या टॅबांसकट पूर्ण ब्राउझर. फेडोरात तो आवृत्ती 34 पासून आणि उबुंटूत आवृत्ती 22.04 पासून चालू आहे. स्वॅप (रॅम कमी पडली की डिस्कवर वापरली जाणारी जागा) नसलेल्या किंवा अगदी थोडा स्वॅप असलेल्या मशीनवर पहिला संशय यांच्यावरच घ्या. जर्नलसीटीएलमध्ये (सिस्टमच्या नोंदी दाखवणारी कमांड) ब्राउझर गेला त्या मिनिटाच्या नोंदी काढा. 'आउट ऑफ मेमरी, किल्ड प्रोसेस' अशी ओळ किंवा सिस्टमडी-ओओएमडीची नोंद दिसली, तर बग नोंदवण्याआधी स्वॅप वाढवा, एक्स्टेन्शन कमी करा. मेमरी सतत फुगतच राहिली, तर ॲड्रेस बारमध्ये अबाउट:मेमरी टाकून तिथला अहवाल सेव्ह करून तो तक्रारीला जोडा. तेव्हा ती खरी तक्रार होते.

क्रॅश खराच असेल, तर ॲड्रेस बारमध्ये अबाउट:क्रॅशेस उघडा. न पाठवलेले रिपोर्ट तिथूनच पाठवता येतात. पाठवलेल्या प्रत्येकाला 'बीपी-' ने सुरू होणारा क्रमांक मिळतो, तो तक्रारीत हवाच. कोणी बघतं का? रिपोर्ट सिग्नेचरनुसार (प्रोग्रॅम कुठे कोसळला त्याच्या खुणेनुसार) एकत्र मोजले जातात, त्यामुळे शेरा न लिहिता पाठवलेला रिपोर्टसुद्धा मोजणीत येतो. 'क्रॅश होतो' या दोन शब्दांचं मात्र कोणी काही करू शकत नाही. सोबत अबाउट:सपोर्टचा सगळा मजकूर कॉपी करून जोडा. त्यात ग्राफिक्सचा भाग असतो, आणि खिडक्या वेलँडवर चालतात की एक्स11 वर (लिनक्सवर खिडक्या दाखवण्याच्या नव्या आणि जुन्या पद्धती) तेही कळतं. फायरफॉक्स 121 पासून वेलँडवर चालणाऱ्या डेस्कटॉपवर वेलँड आपोआप वापरला जातो, म्हणून एकदा एक्स11 वर चालवून फरक पडतो का ते लिहा.

आता तो जुना वाद, तक्रार आधी डिस्ट्रोकडे (तुमच्या लिनक्सची आवृत्ती बनवणारे, उदा. फेडोरा, उबुंटू) की मोझिलाकडे. 'आधी डिस्ट्रोकडेच' हा नियम मला मान्य नाही, कारण एका चाचणीत उत्तर मिळतं. मोझिलाच्या साइटवरची टार फाइल उतरवा, वेगळ्या फोल्डरमध्ये उघडा आणि नव्या प्रोफाइलवर (सेटिंग, बुकमार्क वगैरे ठेवणारा फोल्डर), एकही एक्स्टेन्शन न घालता चालवा. तरीही पडला तर थेट बगझिला, म्हणजे मोझिलाची तक्रार नोंदवायची साइट. नाही पडला तर तीच टार फाइल जुन्या प्रोफाइलच्या प्रतीवर चालवा (मूळ प्रोफाइल वापरू नका, नव्या आवृत्तीने उघडलेलं प्रोफाइल जुनी आवृत्ती सहज घेत नाही). तिथे पडला तर दोष प्रोफाइलचा किंवा एक्स्टेन्शनचा. तिथेही नाही पडला, तर डिस्ट्रोचं पॅकेज. आधीच्या एखाद्या आवृत्तीत हा त्रास नव्हता असं वाटत असेल, तर मोझरिग्रेशन हे मोझिलाचं साधन चालवा. ते नाइटली बिल्ड (रोज तयार होणाऱ्या चाचणी आवृत्त्या) निम्म्या-निम्म्याने तपासत दोषी बदलापर्यंत नेतं. अशी तक्रार सहसा दुर्लक्षित राहत नाही.

ब्राउझर चालू असताना पॅकेज अपडेट झालं की नवे टॅब उघडेनासे होतात आणि रीस्टार्ट मागितला जातो. तो बग नाही.

एक गोष्ट वरच सांगायला हवी होती: डेबियनसारख्या काही डिस्ट्रोंच्या पॅकेजमध्ये क्रॅश रिपोर्टर बंदच ठेवलेला असू शकतो, तिथे खिडकी न येणं हा पुरावा धरू नका. कोअरडंपसीटीएल या कमांडने कोअर डंपची (कोसळताना साठवलेल्या मेमरीच्या प्रतींची) यादी बघा, डीबग सिंबॉल (कोडमधली नावं दाखवणारी माहिती) घालून जीडीबी या डीबगरने बॅकट्रेस, म्हणजे कोसळताना कोडमध्ये कोणत्या फंक्शनमधून कुठे पोहोचलं त्याची यादी, काढा आणि तेवढाच जोडा. कोअर डंप स्वतः कुठेही टाकू नका, त्यात मेमरीतले पासवर्ड आणि कुकी जशाच्या तशा असू शकतात.