जुन्या संगणकाला नवी प्रणाली बसवताना

धरणगावच्या दुकानातील तुमच्या 2 जीबी रॅमच्या जुन्या संगणकावर विंडोज 11 बसवता येईल का, असे तुम्ही विचारले आहे. तो हट्ट सोडावा, कारण विंडोज 11 ला किमान 4 जीबी रॅम आणि टीपीएम 2.0 ही सुरक्षा चिप लागते. त्याऐवजी लिनक्स मिंट या मोफत प्रणालीची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती पेनड्राइव्हवर घेऊन, डिस्कवरचे काहीही न पुसता आधी तशीच चालवून पाहावी. वायफाय आणि प्रिंटर चालतात की नाही, हे तिथेच कळते. प्रोसेसर जुन्या 32 बिटांच्या प्रकारचा असेल, तर मात्र मिंटची ही आवृत्ती चालणार नाही; तेव्हा अँटिएक्स या जुन्या संगणकांसाठीच्या हलक्या लिनक्स प्रणालीकडे वळावे. हार्डडिस्कच्या जागी एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) टाकणे हा माझ्या मते सर्वांत सार्थकी लागणारा खर्च आहे. भुसावळच्या मे महिन्यात माझा संगणक, प्रणाली बसवतानाच, तापून दोनदा बंद पडला होता; उघडून पाहिले तर प्रोसेसरच्या पंख्याखाली धुळीचा नमदाच जमलेला.